कोनचा जिताडा

गणपती गेले की भिवंडीत चिकट उकाडा सुरू होतो. पाऊस गेला म्हणावं तर भर दुपारी एक सर येऊन दोरीवरचे कपडे भिजवून जाते, आणि आहे म्हणावं तर छत्री दिवसभर हातात नुसती लोंबकळत राहते. या दिवसांतल्या आभाळावर माझा काडीचा विश्वास नाही. मी कपडे वाळत घालते आणि दारातच उभी राहते.

विसर्जन झालेलं आणि घट बसायचे राहिलेले, असे हे मधले दिवस. घट बसले की आमच्याकडे मासळी बंद, म्हणून त्याआधी खाऊन घ्यायची सगळ्यांची घाई. यंदाही परवा बाजारात गेले, तर मासेवालीनं टोपलीतून जिताडा उचलून समोर धरला. रुंद, रुपेरी, खालचा जबडा पुढे काढून रुसलेला. मी त्याचे कल्ले उघडून पाहिले, पोट दाबलं, वास घेतला, पुन्हा कल्ले पाहिले. ती म्हणाली, "मासली घेतंस का सून बघाला आलीस?" शेजारच्या दोघी खो खो हसल्या. हसले मीही, पण कल्ले सोडले नाहीत. मग सवयीनं विचारलं, "कुठला गं?"

तिनं जे उत्तर दिलं ते ऐकून मला तिथेच, माशांच्या त्या ओल्या ओट्यापाशी, सायरा आठवली. सायरा आणि तिचं ते एक भादव्यातलं ऊन.

आधी माझ्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं माझ्या स्वभावावर अवलंबून आहे. घरात माझं नाव शंकेखोर. आई अजून सांगते की लहानपणी मला दूध दिलं की मी आधी पेल्याच्या तळाशी बघायची. कडी लावली का हे मी दोनदा बघते, आणि दोनदा बघितलं का याचीही शंका येते. कामतघरला आमच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता, रात्रंदिवस खटाखट. पाहुण्यांना त्या आवाजानं झोप लागायची नाही. आम्हांला आवाज थांबला की जाग यायची. काय झालं, का थांबला, वीज गेली की कुणाचा हात सापडला, असं मनात येऊन सगळं घर उठून बसायचं. ज्या घरात शांततेचीच भीती वाटते तिथे वाढलेली मुलगी दुसरी कशी होणार?

तर ती दोन हजारनंतरची वर्षं. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करून बसले होते, आणि एका प्रकल्पात काम मिळालं. भिवंडीच्या आसपासच्या खाडीत आणि नदीत कुठला मासा कुठे कुठे आहे, याचा नकाशा करायचा होता. ठाण्याहून एक सर यायचे, त्यांचा तो प्रकल्प. हाताखाली आम्ही तिघं. माझ्याकडे पाणी होतं: खारेपणा मोजायचा, खोली बघायची, चिखल की रेती ते सांगायचं. पुण्याकडचा निरंजन संगणकावर बसायचा. आणि सायराकडे माणसं होती. भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली ती मुलगी, सरांकडेच प्रबंध करणारी. तिच्या अब्बांचे थोडे लूम होते. ती बाजारात फिरायची, मासेवाल्यांना, जाळं टाकणाऱ्यांना विचारायची की हा मासा कुठे मिळाला.

पद्धत सोपी होती. मासा जिथे सापडला तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. त्या जागेचं पाणी कसं आहे ते संगणकाला सांगायचं. असे पुष्कळ ठिपके जमले की संगणक म्हणतो, कळलं मला या माशाला काय आवडतं, आता जिथे जिथे तसं पाणी तिथे तिथे तो असणार. मग आपण कधी पायही न ठेवलेल्या जागा तो रंगवून टाकतो. लाल म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे बहुतेक, निळा म्हणजे आशा सोडा.

मला ते पहिल्यापासून खटकायचं. एखाद्याला दोनदा टपरीवर चहा पिताना पाहिलं, म्हणून गावातल्या प्रत्येक टपरीवर तो बसलेला असेल असं लिहून टाकायचं, तसंच हे. निरंजन म्हणायचा, "अगं, हे शक्यतेचं गणित आहे." मी म्हणायची, "मग रंग इतके खात्रीचे कशाला?" तो चष्मा पुसायचा. चष्मा पुसणं हे त्याचं हरल्याचं लक्षण होतं, पण मान्य कधी करायचा नाही.

आणि ठिपके तरी कुठे पडत होते? नकाशा भरायला लागला तेव्हा मी नीट पाहिलं. आमचा मासा शेअर रिक्षानं फिरत होता! धामणकर नाक्यावरून जिथे जिथे रिक्षा जाते, तिथे तिथे ठिपके. रिक्षा जात नाही त्या कांदळवनात, चिखलाच्या वाटांवर, एकही नाही. तिथे मासा नव्हता की आम्ही गेलो नव्हतो, हे नकाशा सांगत नव्हता. न विचारलेलं आणि नसलेलं, दोन्हींना तो एकच निळा रंग द्यायचा. मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वनिता, तू फार विचार करतेस." हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे.

त्या वर्षी पितृपक्ष आणि रमजान हातात हात घालून आले होते. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन खाडीवर जायची. खाडी रोज वेगळ्या रंगाची असे, कापड रंगवणाऱ्यांनी त्या दिवशी काय सोडलं असेल तशी. मी मीटर बुडवायची, आकडा वाचायची, आणि मीटरवर शंका घेऊन पुन्हा बुडवायची. तिकडे सायरा रोजा धरून त्या मासळीबाजारात उभी असायची. घशाला कोरड, नाकात तो वास, पायाखाली चिकचिक. ओढणीचा पदर नाकावर धरून ती प्रत्येकीपुढे वाकायची आणि एकच विचारायची, "हा कुठला?"

हा "कुठं" शब्द आमच्याकडे साधा नाही. घरातून निघालेल्या माणसाला "कुठं चाललास" असं विचारायचं नाही, काम होत नाही म्हणतात. आई अजून डोळे वटारते. जाळं घेऊन निघालेल्याला तर मुळीच विचारायचं नाही. त्यातून जिताडा म्हणजे मोठा मासा, गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत फिरणारा, सगळ्यांना हवा असणारा. तो कुठल्या वळणावर मिळतो हे ज्याला माहीत, तो ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. आणि ज्या बाया तो बाजारात विकायच्या त्यांच्यापर्यंत तो दोन-तीन हातांतून यायचा, त्यांना खरंच माहीत नसायचं. म्हणजे कुणाला सांगायचं नाही आणि कुणाला ठाऊक नाही. आणि आमचं सगळं गणित त्या एका "कुठं"वर उभं.

बाजारात कागद टिकत नसत, लगदा व्हायचा. म्हणून प्रकल्पाचा मोबाइल सायराकडे असे. उत्तर मिळालं की तिथूनच ती निरंजनला फोन लावायची. सरांची सक्त ताकीद होती, लोक जे बोलतील तेच शब्द सांगा, आपलं काही घालू नका. ती कोंबड्या, बर्फ, भांडणं, हॉर्न अशा गदारोळात ओरडून सांगायची आणि इकडे खोलीत पंख्याखाली निरंजन टाइप करायचा. निरंजन हुशार होता, कान तयार करत होता. इथे ड चा र होतो, जिताडा म्हणजे जितारा. ळ चा ल होतो, मासळी म्हणजे मासली. हे त्यानं शिकून घेतलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

मग एके दिवशी संगणकानं जिताड्याचा नकाशा काढला. आम्ही तिघं आणि सर त्याच्याभोवती उभे राहिलो. सगळी खाडी फिकट निळी, मध्ये मध्ये पिवळे डाग, आणि कल्याण रस्त्यावरच्या कोन गावापाशी लालभडक. पोळी तव्यावर विसरल्यावर मधोमध जसा डाग पडतो तसा. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा सांगितला. कोनपाशी जिताड्याचं माहेर आहे, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात वरच्या मंडळींसमोर हाच नकाशा मांडायचा होता. सायराचे डोळे मोठे झाले. "एवढे? कोनला?" ती हळूच म्हणाली. मला तेव्हा वाटलं, ही आनंदानं म्हणते आहे.

मंडळींना दाखवायच्या आधी सरांनी कोनला जाळी टाकायचं ठरवलं. भरतीला टाकली, ओहोटीला टाकली. उधाणाला टाकली, मग भांगालाही, म्हणजे पाणी मंद असतं त्या दिवसांत. बोय मिळाले, कोळंबी मिळाली, चपला मिळाल्या, गणपतीच्या लाकडी चौरंगाची एक तंगडी मिळाली. जिताडा एक नाही. सर परत आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि चेहरा वेगळाच होता.

"सायराची मावशी कोनला असते ना?" त्यांनी विचारलं.

असायची. सायरा मधूनमधून जायचीही तिच्याकडे, हे आम्हांला सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरांनी पुढचं सगळं जोडून टाकलं. रोजे, ऊन, बाजारातला त्रास. पोरगी मावशीकडे पंख्याखाली बसून फोन करत असणार, आणि जागा सुचली नाही की समोरची सांगत असणार. "कागद दाखव," ते सायराकडे वळून म्हणाले. कागद नव्हतेच. "सोमवारपासून येऊ नकोस. आणि तुझ्या प्रबंधाचंही मला बघावं लागेल."

एवढं बोलून ते गेले. सायरा रडली नाही. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली. तिच्या अब्बांनी तिला मोठ्या मिनतवारीनं परवानगी दिली होती. मुलगी बाजारात फिरते म्हणून नातेवाईक आधीच कुरकुरत होते. खोटारडी ठरून घरी बसली तर ती कायमचीच बसणार, हे तिला आणि मलाही कळत होतं.

संशयी माणसाचा एक गुण असतो, तो पाठीमागे कुजबुजत नाही. मी जिन्यात तिला गाठलं आणि तोंडावर विचारलं, "खोटं सांगितलंस का गं?"

"रोजा धरून खोटं बोलीन का मी, वनिता?"

मला तेवढं पुरलं. का पुरलं ते आजही सांगता येणार नाही. ज्या बाईला दुधाचा तळ बघावा लागतो तिनं नुसत्या एका वाक्यावर विसंबायचं! पण खरंच, त्या क्षणी माझा सगळा संशय तिच्यावरून उठला आणि त्या लाल डागावर जाऊन बसला. सगळं जग माणसाला खोटं आणि रंगीत नकाशाला खरं मानायला निघालं होतं. मी उलटीकडून निघाले.

पण निघून जायचं कुठे? निरंजनचं टाइपिंग तपासलं, स्वच्छ होतं. माझे पाण्याचे आकडे पुन्हा मोजले, बरोबर होते. मावशीच्या शेजारणीलाही गोड बोलून विचारून आले, सायरा येते तेव्हा काय करते? "येतं, नमाज परतं, जातं," ती म्हणाली, परतं म्हणजे पढते. काहीच हाती लागेना. रविवार उजाडला.

रविवारी निरंजन आमच्याकडे जेवायला होता. तो मूळचा शाकाहारी, पण त्या मोसमात बाटला होता, आणि आईला अशा नव्यानं मासे खायला लागलेल्यांचं फार कौतुक. जिताड्याचं कालवण होतं. निरंजन काटे काढत खात होता, मी समोर बसून नुसता भात कालवत होते. भिंतीपलीकडे लूम चालू होते, त्यामुळे सगळेच नेहमीसारखे ओरडून बोलत होतो.

"काकू, फारच छान झालंय," निरंजन म्हणाला. आणि मग, सवय वाईट असते, "हा जिताडा कुठला?"

आई पळी हातात धरून म्हणाली, "कोनाला ठाव! कोलीन दारावर आलती, तिनं दिला."

निरंजनचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "बघ! हाही कोनचाच!"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग आईकडे. आईनं त्याच्याकडे पाहिलं, याला काय झालं म्हणून.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"कोनला ठाव. म्हणजे याचा ठाव, ठिकाण, कोनला. सायरा फोनवर अगदी हेच सांगायची. रोज. 'जितारा, कोनाला ठाव.'"

ड चा र होतो हे त्याला माहीत होतं. ळ चा ल होतो हे माहीत होतं. ण चा न होतो, एवढंच राहिलं होतं.

"अरे बाबा," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना की रडू ते कळेना, "कोणाला ठाऊक, असं म्हणतेय ती! कोणाला! ठाऊक!"

निरंजनच्या हातातला घास ताटात पडला. त्यानं चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, मिळाला नाही, आणि खरकट्या हातानं तो तसाच बसून राहिला. आई म्हणाली, "काटा लागला का रं बाला? भात गील, सुका भात."

म्हणजे बाजारात जिने जिने कोनाला ठाव असं म्हटलं, ती प्रत्येक कोनला जाऊन पडली होती. जिला खरंच माहीत नव्हतं तीही, आणि जिला सांगायचं नव्हतं तीही. साऱ्या भिवंडीचं अज्ञान आणि साऱ्या भिवंडीची लबाडी एका गावाच्या काठाला गोळा झाली होती, आणि संगणकानं ती सर्वांत खात्रीच्या रंगात रंगवली होती. इतके दिवस मी माणसांवर संशय घेत होते, यंत्रावर घेत होते, खाडीच्या पाण्यावर घेत होते. आईच्या तोंडच्या शब्दावर घ्यायचं काही सुचलं नव्हतं.

निरंजननं त्याच जेवणावरून उठून सरांना फोन केला. तो पुष्कळ वेळ बोलला, आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पलीकडून सर काय म्हणाले ते कळलं नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "सोमवारी बोलवायला सांगितलंय तिला. चल."

आम्ही सायराच्या घरी पोचलो तेव्हा रोजा सुटायला थोडाच वेळ होता. दस्तरखान पसरलेला, खजूर मांडलेले, भज्यांचा वास. अब्बा दारातच खुर्ची टाकून बसले होते. आम्हांला बघून उठले नाहीत. निरंजननं उभ्यानंच सगळं सांगितलं, त्याच्या शुद्ध, अडखळत्या मराठीत. कोण आणि कोन, ठाव आणि ठाऊक. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या पोरीला खोटी बोलले," ते शेवटी म्हणाले. "मोहल्ल्यात माझी मान खाली गेली. आता सांग, चूक कोनाची?"

मी बघत होते, निरंजनच्या डोक्यात तो शब्द दोन्ही बाजूंनी फिरत होता. मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "चाचा, कोनाचीच. पण त्या गावाची नाही, माझ्या कानाची."

आतल्या पडद्याआडून सायरा हसली. इतकी जोरात, की अब्बांनी आधी रागानं आत पाहिलं, मग त्यांच्या मिशा हलल्या. तेवढ्यात अजान झाली. अब्बांनी ताटातला खजूर उचलला, आधी निरंजनपुढे केला, आणि म्हणाले, "बस. सोमवारी जाईल ती."

सोमवारी कोनचे सगळे ठिपके काढून निरंजननं नकाशा पुन्हा चालवला. लाल डाग गेला. राहिले ते इकडेतिकडे फिकट पिवळे, आणि बाकी सगळं निळं. सरांचा चेहरा पडला. वरच्या मंडळींना यात दाखवायचं काय? ते सायराकडे न बघता म्हणाले, "आता यात काहीच उरलं नाही." माफी त्यांनी मागितली नाही, आजवर नाही. सायरा मात्र संगणकाच्या पडद्यापाशी जाऊन त्या फिक्या नकाशाकडे कौतुकानं बघत उभी राहिली. "हा खरा वाटतो," ती म्हणाली. मग निळ्या रंगावर बोट ठेवून निरंजनला म्हणाली, "पण हा निळा काढ. इथं मासा न्हाय असं कोन बोललं? कोनाला ठाव, असं लिव." त्यानं खरंच तेवढ्या भागाला करडा रंग दिला.

आज ती दूर दुसऱ्या एका किनाऱ्यावर असते. समुद्रातल्या माशांचे नकाशे करते, त्यातलं तिचं नाव मोठं आहे. तिच्या नकाशांत करडा रंग इतका असतो की बघणारे वैतागतात, असं ती स्वतःच सांगते. भिवंडीत जाळी टाकायच्या कितीतरी जागा आता गोदामांच्या खाली गेल्या. नकाशावर त्या निळ्या होत्या की करड्या, कुणी पाहिलं असेल का? मला शंका आहे.

परवा तो जिताडा घेऊन घरी आले, ओट्यावर ठेवला, त्याचा फोटो काढून सायराला पाठवला. लगेच तिचा फोन आला. सलाम नाही, कशी आहेस नाही. धंद्याची सवय.

"कुठला गं?"

मासेवालीनं मला दिलेलं उत्तर मी तिला जसंच्या तसं दिलं, आपलं काही न घालता.

"कोनाला ठाव."

पलीकडे ती हसत सुटली, पडद्याआडून हसली होती तशीच. तिच्यासमोर नकाशा उघडा असणार, नेहमीच असतो. तिनं त्यावर कुठेही ठिपका दिला नसेल, याची मला खात्री आहे.